हेडलाइट लावले की मीटरचे काटे नाचतात
जुनीगाडी: तापमान आणि ऑइल प्रेशरचे नवे मीटर बसवले. दिवसा ठीक, हेडलाइट लावले की दोन्ही काटे सरकतात. सेन्सर बदलू का?

तारकरी: सेन्सर राहू दे. दोन्ही एकदम हलतात म्हणजे अर्थिंगचाच (करंट परत बॅटरीकडे जायच्या वाटेचा) घोळ. मीटरची काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर कसलीय ना? ती सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला ने.

पाना१०: सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आहे का तेही बघा. एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग आट्यांवाटे इंजिनातूनच होतं, टेप ते अडवते.

जुनीगाडी: टेप नाही. काळी वायर दिव्यांच्या स्क्रूवर होती, वेगळी नेली, काटे शांत! मीटरची लाल वायर थेट बॅटरीवर आहे, चालेल?

तारकरी: अजिबात नाही. इग्निशननंतरच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजवरून घे, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरेल.