टाळेबंदीत घरी आलेलं पिल्लू : तुमचे अनुभव

२०२० च्या टाळेबंदीत ज्याला त्याला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं. आम्हीही त्यातलेच. आता पिल्लं मोठी झाली, माणसं कामाला लागली. पुढे काय झालं ते लिहा. चुका तर आधी लिहा. सुरुवात माझ्यापासून.

चिंगी आली आठ आठवड्यांची. लसींचे डोस पूर्ण होईस्तोवर, म्हणजे सोळा आठवड्यांपर्यंत, बाहेर काढायची नाही एवढंच मी डोक्यात धरलं. पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, धास्ती होती. पण पिल्लाला जगाची ओळख होण्याचे दिवसही नेमके तेच, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातले. खाली न सोडता कडेवर घेऊन रस्ता दाखवता आला असता. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती सात महिन्यांची होती. अजून बेल वाजली की पलंगाखाली. गंमत म्हणजे मास्कवाल्यांना भीत नाही, उघड्या चेहऱ्यांना भिते!

*

आम्ही आगाऊ पैसे भरले. फोटो आले, व्हिडिओ आला, पिल्लू काही आलं नाही. 'सध्या भेटता येणार नाही' हे विकणाऱ्याचं म्हणणं आम्हाला पटलंही होतं. नंतर हिशेब केला. कुत्रीचे दिवस भरायला साधारण ६३ दिवस, पुढे किमान आठ आठवडे पिल्लं आईपाशी. मागणी कितीही वाढो, चार महिन्यांच्या आत नवी पिल्लं येणार कुठून? दुसऱ्या वेळी पिल्लांना आईजवळ पाहिलं, मगच खिशात हात घातला.

*

आम्ही आणलं नाही. मुलं आठवडाभर रुसली. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, टाळेबंदी तेवढी टिकणार नव्हती.

*

बंड्या वर्षभर मिनिटभरही एकटा राहिला नव्हता. ऑफिस सुरू झालं त्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन, "अहो, तुमचा कुत्रा सकाळपासून रडतोय." घरी येऊन बघतो तर दाराची चौकट कुरतडलेली, फरशी लाळेने ओली. मी त्याला ओरडलो. तो मस्ती करत नव्हता, भेदरला होता, हे फार उशिरा कळलं.

मग उलटी शिकवणी. चप्पल घालायची आणि परत सोफ्यावर बसायचं. किल्ल्या वाजवायच्या, जायचं कुठेच नाही. दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन. दहा मिनिटांवर यायला तीन आठवडे गेले, आणि मध्ये दोन दिवस पाहुणे राहिले तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता चार तास झोपून काढतो.

*

लिहायला लाज वाटते, पण आम्ही दिलं. घरातली कमाई थांबली, फिरवायचं कुणी यावरून रोज भांडणं, त्यात ते बिचारं कोपऱ्यात. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच आधी फोन केला. खाताना जवळ गेलं की गुरगुरतो, हेही लपवलं नाही. त्यांनी एक निवृत्त जोडपं शोधून दिलं. परवा फोटो आला, चांगलाच गुबगुबीत झालाय. नाव त्यांनी बदललं नाही.