ग्रीक ‘ख्रूसोस’ आणि आपलं ‘हिरण्य’ : नातं आहे का?

निरुक्तप्रेमी :
ग्रीकमध्ये सोन्याला ‘ख्रूसोस’ म्हणतात. संस्कृत ‘ह’च्या जागी ग्रीकमध्ये ‘ख’ येतो, जसं हिम आणि ‘खिओन’, हंस आणि ‘खेन’. मग हिरण्य आणि ख्रूसोस एकाच मुळातले का? दुसरं, ‘क्रिसोकोला’ हे खनिज निळसर हिरवं असतं. त्याच्या नावात सोनं कुठून आलं?

पाटीवाचक :
नियम बरोबर आहे, पण इथे तो पहिल्या अक्षरापुरताच लागू पडतो. हिरण्यच्या मुळात ‘ल’ होता. संस्कृतने त्याचा ‘र’ केला, ग्रीकने तो राखला. त्यामुळे हिरण्यचे खरे ग्रीक भाऊबंद म्हणजे ‘ख्लोरोस’ (पोपटी) आणि ‘खोले’ (पित्त). क्लोरीन आणि क्लोरोफिल हे त्याचे नातलग! आपल्याकडचे हरित आणि हळद त्याच घरातले. फारसी ‘झर’ आणि तिच्यावरून आलेली पैठणीची जरसुद्धा. ख्रूसोसमधला ‘र’ आणि त्यापुढचं ‘ऊस’ या मुळातून कसंही निघत नाही.

ख्रूसोस हा शब्द सेमिटिक भाषांतून (हिब्रू, अरबीच्या कुळातल्या) घेतलेला आहे. मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कादीत ‘खुरासु’, सीरियातल्या युगारित या जुन्या नगराच्या मातीच्या पाट्यांवर ख-र-स, हिब्रू काव्यात ‘हारूस’ (एरवीचा हिब्रू शब्द ‘झाहाव’, तो वेगळा). तिन्ही व्यंजनं क्रमाने जुळतात. अंगरख्याचा ‘खितोन’ हा शब्दही ग्रीकांनी तिकडूनच उचलला. ख्रूसोस फिनिशियन (लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या) व्यापाऱ्यांनी आणला असं सरसकट लिहितात, ते मला पटत नाही. इ.स.पू. १२००च्या सुमारास ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर तो आधीच रुळलेला आहे; फिनिशियनांचा ग्रीसमधला मोठा व्यापार त्यानंतरचा.

लिपीकार :
त्या पाट्यांवर तो ‘कु-रु-सो’ असा दिसतो, पण ‘कुरुसो’ असं वाचू नका. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडलेल्या या लिनियर बी लिपीत क आणि ख यांना एकच चिन्ह आहे. जोडाक्षर फोडताना पुढचाच स्वर उसना घेतात आणि शेवटचा ‘स’ लिहीतच नाहीत. एवढं लक्षात घेतलं की ख्रूसोस मिळतो. ‘कु-रु-सो-वो-को’ म्हणजे सोनार.

आजच्या ग्रीसमध्ये उच्चार ‘ख्रिसोस’ होतो आणि तिथेच ख्रिस्ताशी गल्लत होते. ‘ख्रिस्तोस’ हा ‘ख्रिओ’ म्हणजे तेल माखणे या धातूवरून आला. त्यात इकार पहिल्यापासूनच आहे. सोन्याशी त्याचा संबंध नाही. संत जॉनचं ‘ख्रिसोस्तोम’ हे बिरुद मात्र खरोखरच ‘सुवर्णमुखी’.

डाखकाम :
क्रिसोकोलाचं सांगतो. ‘कोला’ म्हणजे सरस. हा सोनं जोडण्याचा सरस. दागिन्यावर बारीक रवे बसवताना जुने कारागीर तांब्याचं हिरवं खनिज, बहुतेक मॅलकाइट, खलून डिंकात कालवत आणि त्या लुकणाने रवा चिकटवत. तापवल्यावर डिंकाचा कोळसा होतो, तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि शुद्ध तांबं सुटतं. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ला, पण दोन्ही एकमेकांत मिसळले की ९००च्या आसपासच पातळ होतात. त्यामुळे फक्त सांधा वितळतो, रवा गोल राहतो.

बिघडतं ते दोन कारणांनी. लुकण जास्त झालं तर रव्यांमधल्या फटी भरून नक्षी बुजते. ज्योतीत हवा जास्त झाली तर तांबं काळं पडतं आणि सांधा धरत नाही.

नाव मात्र पुढे भरकटत गेलं. सोळाव्या शतकात जर्मन खनिजतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोला टाकणखाराला (बोरॅक्स) क्रिसोकोला म्हणतो, आणि आजच्या खनिजशास्त्रात ते तांब्याचं सिलिकेट आहे. जुना ग्रंथ वाचताना आधी तो कुठल्या शतकातला ते बघा, मगच अर्थ लावा.