थीटा आणि फाय थेट व्ह्यूमध्ये का काढायचे नाहीत?

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये रेषा एचपीशी (आडव्या प्रतलाशी) ३० अंशांत, हा थीटा, आणि व्हीपीशी (उभ्या प्रतलाशी) ४५ अंशांत, हा फाय, आहे; मग फ्रंट व्ह्यूमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या आकृतीत, थेट ३० अंश का घ्यायचे नाहीत, असा प्रश्न आहे. कारण फ्रंट व्ह्यूमध्ये खरा थीटा तेव्हाच दिसतो, जेव्हा रेषा व्हीपीला समांतर असते. इथे ती दोन्ही प्रतलांना कललेली आहे. त्यामुळे दोन्ही व्ह्यू खऱ्या लांबीपेक्षा आखूड दिसतात आणि कोन मोठे.

रेषा १०० मिमीची धरा. टॉप व्ह्यूची (वरून दिसणाऱ्या आकृतीची) लांबी १०० कॉस ३०, म्हणजे ८६.६ मिमी. फ्रंट व्ह्यूची १०० कॉस ४५, म्हणजे ७०.७. दोन टोकांच्या उंचीतला फरक मात्र १०० साइन ३०, म्हणजे ५० मिमीच राहतो. ७०.७ लांबीची रेषा ५० मिमी चढवायची, तर अल्फा, म्हणजे फ्रंट व्ह्यूचा एक्सवायशी (दोन्ही प्रतलं मिळतात त्या रेषेशी) दिसणारा कोन, ४५ अंश येणारच! बीटा, म्हणजे टॉप व्ह्यूचा तसाच कोन, साधारण ५४.७ येतो.

ही उंची कायम राहते म्हणूनच लोकसची (टोक जिच्यावरच राहतं ती) आडवी रेषा काढतात. पेन्सिल कागदावर तिरकी टेकवून, कल न बदलता गोल फिरवून बघा. वरच्या टोकाची उंची हलत नाही. पाठ केलेल्या पायऱ्यांपेक्षा एवढं डोळ्यांसमोर असणं फार महत्त्वाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी प्रत्येक व्ह्यूच्या दोन टोकांमधलं आडवं अंतर तपासा, इथे दोन्हीकडे ५० मिमीच यायला हवं. थीटा आणि फायची बेरीज ९० असेल तर हे अंतर शून्य होतं, दोन्ही व्ह्यू एक्सवायला लंब उभे राहतात. बेरीज ९०च्या वर असेल तर तशी रेषा असूच शकत नाही.