ऑयलरचा कागदी पुरावा
२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी) असल्याचे संगणकाशिवाय सिद्ध करणे अशक्य आहे, हे मत मला मान्य नाही, कारण गणितज्ञ ऑयलरने ते १७७२ मध्ये सिद्ध केले. ही संख्या २ च्या ३१ व्या घातापेक्षा एकने लहान असल्यामुळे तिच्या प्रत्येक विभाजकाला ६२ ने भागल्यास बाकी १ आणि ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरते. म्हणजेच तो २४८क + १ किंवा २४८क + ६३ या रूपातच असतो (क ही पूर्ण संख्या). संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा कमी, म्हणून विभाजक तिथपर्यंतच शोधायचे, आणि तपासायची पहिली मूळ संख्या थेट ३११! नागपुरात धरमपेठेतील माझ्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो पहिला भागाकार फळ्यावर केला. बाकी ३५ उरली. संख्येच्या आकारापेक्षा तिची घडण मला अधिक मोलाची वाटते.