‘रेझोल्यूशन ४ पुरे’? मला मान्य नाही

रेषावेडी: काल इथे कुणी लिहिलं, "वाफेचा अवरक्त वर्णपट घ्यायला रेझोल्यूशन ४ पुरे. एक पीक (शिखर) धरा, उंची मोजा, बिअरचा नियम लावा." डोकंच फिरलं वाचून. रेझोल्यूशन ४ म्हणजे ४ प्रति सेंमीपेक्षा जवळचे तपशील यंत्राला वेगळे दिसत नाहीत; आणि बिअरचा नियम म्हणजे वाफ जितक्या पट, शोषण तितक्या पट. वातावरणाच्या दाबाला वाफेच्या रेषेची अर्धरुंदी ०.१ प्रति सेंमीच्या आसपास असते. रेषेच्या मध्यावर प्रकाश जवळपास संपलेला, बाजूने मोकळा वाहतोय, आणि तुमचं यंत्र दोन्हींची सरासरी करून मग शोषण काढायला लॉग (लॉगरिदम) घेतं. वाफेच्या १५९५ प्रति सेंमीच्या शोषणपट्ट्यात वाफ दुप्पट केली तर पीक दुप्पट होतच नाही!

रोजचा_प्रयोग: मीच लिहिलं होतं. कॅलिब्रेशनचा वक्र, म्हणजे ठाऊक प्रमाणं घेऊन पिकाच्या उंचीचा आलेख, काढायचा, सरळ रेषेचा हट्ट कशाला? ०.५ ला जायचं तर यंत्रातला आरसा आठपट लांब सरकवा, वेळ घालवा, वर नॉइज सोसा. रोज नमुने मोजणाऱ्याला हे परवडत नाही.

कोरडा_नायट्रोजन: दोघंही मुळावर बोलत नाही. सेलमध्ये, म्हणजे ज्या बंद नळीत वाफ भरता तिच्यात, वाफ किती आहे हे ठाऊक आहे का? भिंती पाणी धरून ठेवतात. मी एकदा वाफ भरली, दाब नोंदला, जेवून आलो तर दाब उतरलेला. गळती शोधण्यात दोन दिवस गेले. गळती नव्हतीच. सेल रिकामा केला तरी रेषा दिसत राहिल्या, गरम करून पंप लावल्यावर गेल्या.

रेषावेडी: विषय वेगळा आहे.

कोरडा_नायट्रोजन: अजिबात नाही. टिंडल आणि माग्नुस हे भौतिकशास्त्रज्ञ १८६० च्या दशकात यावरच भांडले: उष्णतेचे किरण वाफ शोषते की नाही? माग्नुस म्हणे, नळीच्या टोकांच्या सैंधवाच्या खिडक्यांवर ओल धरते, शोषण तिचं आहे, वाफेचं नव्हे. टिंडलने खिडक्या काढून उघड्या नळीत प्रयोग केला, तरी शोषण दिसलंच.

रोजचा_प्रयोग: म्हणजे माग्नुस चुकला. मग भिंतींची भीती कशाला?

कोरडा_नायट्रोजन: निष्कर्ष चुकला, शंका रास्त होती! पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी दमट हवेत धुरकट झालेली पाहिली नाहीत का कधी? माझ्या दोन गेल्या. झिंक सेलेनाइड लावा.

रोजचा_प्रयोग: झिंक सेलेनाइडचं परावर्तन केवढं! निम्म्याच्या आतबाहेर उजेड पृष्ठभागांवरच जातो, तुम्हाला सांगायला काय जातंय?

रेषावेडी: खिडक्या पुरे. एक करून बघा. सेलमध्ये थोडी वाफ घ्या आणि वर कोरडा नायट्रोजन भरत जा. पाणी तेवढंच, पण दाबाने रेषा रुंदावतात आणि ४ वरचं पीक वाढतं. तुमचा वक्र सांगेल, पाणी वाढलं. मी असे तीन महिन्यांचे आकडे फेकलेत, म्हणून एवढी चिडते.

रोजचा_प्रयोग: केलं आत्ता. वाढलं. ठीक आहे, दाब बदलला की वक्र मोडतो, हे लिहायला हवं होतं. माझा दाब बदलत नाही, म्हणून मी ४ वरच राहणार.

रेषावेडी: राहा. पण नव्या मुलांना ‘पुरे’ म्हणून सांगू नका. दाब आणि तापमान आकड्याशेजारी लिहा.

कोरडा_नायट्रोजन: आणि नायट्रोजन भरण्याआधी भिंती भिजू द्या. नाहीतर पीक भिंतीतून सुटलेल्या पाण्याने वाढलं की दाबाने, हे कसं सांगणार?