शब्दचर्चा: 'कन्व्हर्ट' आणि 'बोंझ' मराठीत कसे आणावेत?

भाषांतरकर्ती:
सोळाव्या शतकातला ख्रिस्ती मिशनरी फ्रान्सिस झेवियर याच्या जपानमधल्या मुक्कामावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. एका वाक्यावर गाडी अडली आहे. आशय असा: 'कागोशिमात झेवियरचं म्हणणं बोंझांपर्यंत पोचवलं ते अंजिरो नावाच्या जपानी कन्व्हर्टनं.'

'धर्मांतरित' लिहिलं तर अर्जातला रकाना वाचल्यासारखं वाटतं. शिवाय कुणीतरी त्याचं धर्मांतर केलं, असा कर्मणी वास येतो. अंजिरो तर आपण होऊन झेवियरच्या शोधात निघाला होता. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्क्यात दोघांची भेट झाली आणि मे १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा होऊन तो 'पाउलो द सांता फे' झाला. 'बाटगा' ही शिवी आहे, तो प्रश्नच नाही. 'नवख्रिस्ती' बरा वाटला होता, पण पोर्तुगीज अमलात 'नवे ख्रिस्ती' म्हणजे प्रामुख्याने ज्यू घराण्यांतून आलेले लोक. गोव्याच्या संदर्भात तो सरळ चुकीचा अर्थ देईल. आणि 'बोंझ'चं, म्हणजे जपानी बौद्ध धर्मगुरूंसाठीच्या या शब्दाचं, काय करायचं? भिक्षू, भिक्खू, पुजारी?

कोशवाचक:
नाम शोधत बसू नका, क्रियापद घ्या. मराठीत माणूस 'ख्रिस्ती होतो'. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, असंच आपण म्हणतो. 'ख्रिस्ती झालेला अंजिरो' एवढ्यात काम भागतं.

दर्यावर्दी:
'बाटणे' इतका सहज बाजूला टाकू नका. माझ्या मते तो पोर्तुगीज 'बातिझार'वरूनच आला. म्हणजे 'बाटला' याचा मूळ अर्थ 'बाप्तिस्मा घेतला' एवढाच. 'त'चा 'ट' कसा झाला असं कुणी विचारील, तर 'बाताता'चा बटाटा जसा झाला तसा.

कोशवाचक:
हे कानाला गोड लागतं, पण टिकत नाही. बटाट्यात झालं म्हणून सगळीकडे होत नाही. नाताळ, मेस्त्री, इस्त्री यांत 'त' शाबूत आहे. त्याहून मोठी अडचण वापराची आहे. मराठीत भांडं बाटतं, पाणी बाटतं, सोवळं बाटतं. भांड्याला कुणी बाप्तिस्मा देत नाही. 'भ्रष्ट'कडून येणारी वाट जवळची आहे.

दर्यावर्दी:
माणसासाठी आलेला शब्द पुढे भांड्याला लागला, असं का नसावं? पाव विहिरीत टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणात घरोघरी आहेत. त्या कथांत पाणी आणि माणूस एकदमच बाटतात.

पाली-प्रेमी:
'बोंझ'बद्दल. जपानी 'बोझु' पोर्तुगिजांच्या तोंडी 'बोंझो' झाला. 'बो' म्हणजे विहारातलं निवासस्थान आणि 'झु' म्हणजे धनी. आधी मठप्रमुखाला, मग कुठल्याही मुंडन केलेल्या साधूला, आणि पुढे डोकं भादरलेल्या पोरालाही तो लागला. काही जण 'बोन्सो', म्हणजे साधा भिक्षू, या शब्दाकडे बोट दाखवतात.
इथे 'भिक्खू' मात्र नको. तो पाली शब्द आहे आणि थेरवादी परंपरेतल्या उपसंपदा (पूर्ण भिक्षुदीक्षा) घेतलेल्या, २२७ नियम पाळणाऱ्या माणसाचा आहे. जपानमध्ये सगळा प्रकार निराळा. तेंदाई पंथाने त्या नियमांऐवजी महायानातल्या बोधिसत्त्वशीलांवर दीक्षा देणं सुरू केलं आणि जोदो शिन पंथाचे पुरोहित तर लग्न करत. झेवियरला हे सगळे भेटले आणि त्याने सगळ्यांना एकच शब्द लावला. त्यामुळे पहिल्यांदा 'बोंझ, म्हणजे बौद्ध पुरोहित' असं लिहा आणि पुढे माणूस बघून शब्द घ्या. कागोशिमात ज्याच्याशी आत्मा अमर आहे की नाही यावर बोलणी झाली, तो निन्शित्सू फुकुशोजी या झेन मठाचा प्रमुख होता. त्याला 'मठाधिपती' म्हणा.

दीक्षाभूमी:
'भिक्खू नको' हे एवढ्या ठामपणे म्हणू नये. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रात तोच जिवंत शब्द आहे. 'भिक्षू' म्हटलं की लोकांना पुस्तक आठवतं, 'भिक्खू' म्हटलं की समोर बसलेले भंतेजी दिसतात. आणि 'धर्मांतर' शब्दात अवमान मुळीच नाही. १९३५ ची येवल्याची घोषणा आपण 'धर्मांतराची घोषणा' म्हणूनच ओळखतो. ज्याने स्वतः घेतली त्याच्यासाठी 'दीक्षा' हा शब्द तयार आहे. 'ख्रिस्ती दीक्षा घेतलेला अंजिरो' असं का नको?

पूर्वसमुद्र:
'दीक्षा' इथे घातक ठरेल, कारण अंजिरोच्या गोष्टीतली मूळ चूक नेमकी हीच आहे. झेवियरने देवासाठी जपानी शब्द विचारला, तेव्हा अंजिरोने 'दाइनिची' सांगितला. तो पंडित नव्हता, त्याला जवळचा वाटला तो शब्द त्याने दिला. दाइनिची म्हणजे महावैरोचन तथागत, शिंगोन पंथाचा मुख्य बुद्ध. स्वर्गाला 'जोदो', देवदूताला 'तेन्निन', सगळा माल बौद्धांचा. त्यात हे लोक गोव्याहून आलेले, म्हणजे जपान्यांच्या लेखी 'तेन्जिकू'चे, बुद्धाच्याच मुलखातले. लोकांनी त्यांना नवा बौद्ध पंथ समजावं यात नवल काय? १५५१ मध्ये यामागुचीत शिंगोनच्या पुरोहितांनी झेवियरचं आपला माणूस म्हणून स्वागत केलं. त्याने त्यांना त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) आणि देवाचा मनुष्यावतार यांबद्दल विचारलं, तेव्हा घोळ उघडा पडला. मग ज्या रस्त्यांवर 'दाइनिचीला भजा' असं सांगितलं होतं, तिथेच 'दाइनिचीला भजू नका' असं सांगायला त्याने सोबतीच्या फर्नांदेझला पाठवलं.
त्यानंतर लॅटिन 'देउस' आला, जपानी उच्चारात 'देउसु'. विरोधकांनी लगेच त्याचं 'दाइ उसो' केलं, म्हणजे मोठं खोटं. तरीही १५५५ मध्ये बाल्तझार गागो या पाद्र्याने पन्नासहून अधिक बौद्ध शब्द काढायला घेतले आणि 'आनिमा' (आत्मा), 'पाराइसो' (स्वर्ग), 'इन्फेर्नो' (नरक) हे परके शब्द तसेच ठेवले. पुढे ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या काळात लपून राहिलेल्या ख्रिस्त्यांनी हेच शब्द पिढ्यान्पिढ्या जपले. म्हणून अंजिरोपुढे 'दीक्षा' ठेवलीत, तर वाचकाला तो पुन्हा बौद्धच वाटेल.

वसईवाला:
परका शब्द ठेवला की शुद्ध आणि देशी घेतला की घोळ, हा नियम होत नाही. फादर स्टीफन्सनी १६१६ च्या मराठी क्रिस्तपुराणात स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हटलं. कुणी विष्णूकडे गेलं नाही. उलट पाद्री, क्रूस, नाताळ हे पोर्तुगीज शब्द मराठीत असे मुरले की परके वाटत नाहीत. जपान्यांचा 'बातेरेन' आणि आपला 'पाद्री' दोन्ही 'पाद्रे'चीच लेकरं. शब्द रुजला की नाही ते बघा, मूळ कुठलं ते नको.

पूर्वसमुद्र:
वैकुंठ ही जागा आहे, दाइनिची हा पूज्य. जागेचं नाव घेतलेलं खपतं, पूज्याचं खपत नाही.

रंगून-मुंबई:
मग ब्रह्मदेश बघा, तिथे पूज्याचंच नाव खपलं. अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसनने देवासाठी 'फया' घेतला. बर्मीत बुद्ध फया, मूर्ती फया, श्वेडगोन पॅगोडाही फया. त्याने त्याला 'थखिन', म्हणजे धनी, जोडला आणि हा शब्द आजही चालतो. १८१३ मध्ये रंगूनला पोचल्यावर पहिला बर्मी माणूस, माउंग नाउ, ख्रिस्ती झाला तो २७ जून १८१९ ला, सहा वर्षांनी. बाप्तिस्मा झाला त्या तळ्याच्या काठावर गौतमाची भलीमोठी मूर्ती होती.
आता 'बाप्तिस्मा' घ्या. जडसनने बर्मीत त्याचं 'पाण्यात बुडवणे' असं सरळ भाषांतर केलं, कारण त्याच्या बाप्टिस्ट पंथात बाप्तिस्म्याला नुसते पाण्याचे शिंतोडे चालत नाहीत. बंगालीत असंच केलं, तेव्हा अमेरिकन बायबल सोसायटीने पैसे नाकारले आणि १८३६ मध्ये बाप्टिस्टांनी वेगळी संस्था काढली. ६ फेब्रुवारी १८१२ ला अमेरिकेतल्या सेलम गावी जडसनबरोबरच दीक्षित झालेले मिशनरी हॉल आणि नॉट पुढे मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. मराठीत हा शब्द ग्रीकच राहिला, म्हणून बुडवणारे आणि शिंपडणारे दोघेही तो वापरू शकतात.

वसईवाला:
'स्नानसंस्कार' विसरलात.

रंगून-मुंबई:
विसरलो नाही. पण 'स्नान' म्हटलं की डुबकी आलीच, शिंपडणाऱ्यांचं काय?

दीक्षाभूमी:
आणि तुम्ही स्वतःच आत्ता जडसनला 'दीक्षित' म्हणालात!

भाषांतरकर्ती:
तूर्त वाक्य असं केलं आहे: 'कागोशिमात झेवियरचं म्हणणं बौद्ध पुरोहितांपर्यंत पोचवलं ते गोव्यात ख्रिस्ती होऊन आलेल्या अंजिरोनं.' पण पुढच्याच परिच्छेदात 'शंभरेक कन्व्हर्ट' आहेत. तिथे क्रियापद पुरत नाही, मोजायला नाम लागतंच.

कोशवाचक:
'शंभरेक जण ख्रिस्ती झाले'. नाम कशाला लागतं?

भाषांतरकर्ती:
कारण मूळ वाक्य पुढे म्हणतं की त्यांना झेवियर मागे सोडून गेला. 'ख्रिस्ती झालेल्या शंभरेक जणांना' हे एकदा चालेल, लेखभर कसं चालेल?

दर्यावर्दी:
'बाटणे'चा पोर्तुगिजांआधीचा एकतरी दाखला आणा, मग बोलू.