मुलांना वारसा दाखवायचा, तर कोणता आणि कसा?

पायवाट (धागाकर्ता)

बऱ्याच शाळांत 'आपली संस्कृती' म्हणजे वेशभूषा स्पर्धा आणि स्नेहसंमेलनातले नाच. नऊवारी, फेटे, फोटो, संपलं. त्याच मुलांना तासाभराच्या अंतरावरचं लेणं कुणी खोदलं, तिथे राहणारे पाणी कुठून आणत, हे कुणी सांगितलेलं नसतं. कान्हेरीला न्या त्यांना. शंभराहून जास्त लेणी, आणि जागोजागी खडकात कोरलेली पाण्याची टाकी. पावसाचं पाणी पन्हळींतून टाक्यात कसं उतरायचं, हे सहावीतल्या मुलाला बोटाने दाखवता येतं. इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं एकाच डोंगरात.

माझा प्रस्ताव: पाचवी ते आठवीला आठवड्यातून दोन तासिका वारशासाठी ठेवाव्यात. परीक्षा, गुण काही नको. तुमचं मत मांडा.

खडूफळा

विरोध. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दोन शिक्षक, चार वर्ग. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, हे सगळं करून वर या दोन तासिका काढायच्या कुठून? पाचवीतल्या काही मुलांना अजून सलग परिच्छेद वाचता येत नाही. आधी वाचन. परंपरा घरच्यांनी शिकवावी, ती त्यांची जबाबदारी आहे.

जात्यावरची

सर, वाचनासाठीच वापरा की! गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत सासुरवास आहे, भावाची वाट पाहणं आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेबही आहेत. मुलांना सांगा, आजीकडून किंवा शेजारच्या काकूंकडून एक ओवी लिहून आणा. एकाने लिहिलेली दुसऱ्याने वर्गात वाचायची. वेगळी तासिका लागत नाही, मराठीच्याच तासाला होतं.

वेशीबाहेर

कुणाची परंपरा, हे आधी ठरवा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवायचं सुचवलंय. मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकावं, अशी कल्पना. ऐकायला छान आहे. पण वर्गातल्या एखाद्या मुलाला "तुमचा पारंपरिक धंदा ना, बाबांना बोलाव" असं म्हटलं की सगळ्यांसमोर त्याची जात जाहीर होते. ज्या कामातून बाहेर पडायला त्याच्या आजोबांनी जन्म घालवला, तेच काम तुम्ही त्याच्यापुढे कौतुकाने मांडता. त्या पोराला त्या क्षणी काय वाटत असेल?

आषाढीला शाळेशाळेत दिंडी निघते. छोटे वारकरी, तुळशी, टाळ. चोखामेळ्याची समाधी मंदिरात नाही, महाद्वारासमोर बाहेर आहे. का? पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. का? या दोन प्रश्नांची उत्तरं दिंडीतल्या मुलांना कोण देतं? अर्धंच सांगायचं असेल तर न सांगितलेलं बरं.

अंगणातली

मला हे पटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला प्रत्येक गोष्टीतली जखम आधी दाखवली, तर त्याला गोडी लागणार कधी? आधी भोंडल्याची गाणी, फुगडी, सागरगोटे येऊ द्यात. प्रश्न पुढे आपोआप पडतील. आणि रोज एखादा श्लोक पाठ केला तर बिघडलं कुठे? जीभ वळते, उच्चार सुधारतात.

वेशीबाहेर

ताई, प्रश्न आपोआप पडत नाहीत. मला पडले, कारण घरात ते रोज बोलले जात. ज्यांच्या घरात बोलले जात नाहीत, त्यांना शाळेतच पडायला हवेत.

अनुच्छेद

श्लोकांबद्दल थोडक्यात. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. भाषेच्या तासाला साहित्य म्हणून श्लोक जरूर शिकवा, प्रार्थना म्हणून सक्ती नको. आणि संविधानाने नागरिकांवर जे कर्तव्य टाकलंय, ते संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचं. संभाजीनगरची पाणचक्की, तिथलं हिमरू विणकाम हेही मुलांनी आपलं म्हणून बघावं.

फिरतं चाक

आम्ही कुंभार. आमच्याकडे अजून चाक आहे आणि मला त्याची लाज नाही. पण शाळेत बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, टाळ्या होतात आणि दिवसाची कमाई बुडते. गायकाला मानधन देता, मग आम्हाला का नाही?

दुसरं, एका तासिकेत मडकं होत नाही. माती भिजवणं, चाळणं, तुडवणं, चाकावर घेणं, थापटणं, सावलीत सुकवणं, मग भट्टी. यात कित्येक दिवस जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. मुलांना खरंच शिकवायचं असेल तर आमच्याकडे पाठवा, पुन्हा पुन्हा पाठवा. नुसतं चाक फिरवून दाखवायला मी येणार नाही.

पायवाट (धागाकर्ता)

मानधनाचं शंभर टक्के मान्य. कारागीर बोलावायचा तो वर्गातल्या कुणाचा पालक नसावा, म्हणजे वेशीबाहेर म्हणतात तो प्रसंगच येणार नाही. पण 'अर्धं असेल तर नकोच' हे मला मान्य नाही. दिंडी बंद करून चोखोबा कुणाला कळणार? दिंडीत त्याचेच अभंग म्हणा, आणि समाधी बाहेर का आहे ते तिथेच सांगा.

रायगडाचंच बघा. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे, त्यामुळे सहली वाढणारच. बहुतेक बस महाडवरून जातात. मग बस चवदार तळ्यावर का थांबत नाही? १९२७ साली माणसांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला ती जागा, आणि राज्याभिषेक झाला तो गड, दोन्ही मुलांनी एकाच दिवशी बघावेत.

खडूफळा

तासिकांपेक्षा हे जमण्यासारखं आहे. सहल तशीही निघते, हमीपत्रं तशीही घ्यावी लागतात. अर्धा तास थांबता येईल. दोन तासिकांना मात्र माझा विरोध कायम.

वेशीबाहेर

बस थांबवा, जरूर थांबवा. पण त्या अर्ध्या तासात तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांना नेमकं काय सांगणार, ते दोघांनी आधी इथे लिहा. ते वाचल्यावर मी माझं मत सांगेन.